दगड घासले ती दिवाळी

माझा धंदा माशांचा, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, सुरमई कुठली चांगली? मग मी सांगते की माझे मासे खायचे नसतात, बघायचे असतात. त्यावर तो जरा खट्टू होतो. मासा नुसता बघून काय करायचं, हा त्याचा प्रश्न असतो, आणि उभा जन्म या धंद्यात घालवूनही त्याचं समाधान होईल असं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

मी नेरूळला राहते. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून निवृत्त आहे. त्याआधी नवी मुंबईभर लोकांच्या हॉलमध्ये, हॉटेलांत, दवाखान्यांत खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्या बसवायच्या आणि त्यातले समुद्राचे रंगीत मासे जगवायचे, हे माझं काम होतं. मूळची मी सातारकडची. आमच्या गावात समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात होता. यजमान वाशीला एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. ते म्हणायचे, "माझा माल निदान सडला की वास तरी येतो. तुझ्या मालाचं काय बिनसलंय ते तुलाच कळतं." चेष्टेत म्हणायचे, पण धंद्याची याहून नेमकी व्याख्या मी ऐकली नाही.

सगळ्यात जास्त वेळ माझा गेटवर जायचा. सोसायटीच्या वहीत 'कशासाठी' असा एक रकाना असतो. मी इमानदारीत 'मासे' लिहायची. सीवूड्सच्या एका सोसायटीत वॉचमननं मला अडवून धरलं.

"मॅडम, आतमदी मच्छीवाली अलाउड नाय. कमिटीचा रूल हाय."

"अरे बाबा, हा जिवंत मासा आहे."

"मग तं अजूनच नाय."

"रंगीत आहे. नुसता बघायचा आहे."

त्यानं माझ्या पिशवीत वाकून पाहिलं. "आन बघून झाल्यावर?" त्यानं विचारलं.

त्या दिवसापासून मी रकान्यात 'डेकोरेशन' लिहायला लागले. मग कुणी अडवलं नाही.

आता हा धंदा काय असतो ते थोडक्यात सांगते. खाऱ्या पाण्याच्या टाकीला समुद्राचं पाणी लागतं, आणि ते हाताशी असून चालत नाही. आमच्या खाडीचं पाणी गढूळ, त्यात काय काय सोडलेलं असतं ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून नळाचं पाणी गाळून गाळून अगदी बेचव करायचं आणि त्यात विकतचं, खास माशांसाठी बनवलेलं परदेशी मीठ कालवायचं. माझं गोदाम नेरूळ गावात एका आगरी घराच्या तळमजल्यावर होतं. मिठाच्या पिशव्या उतरायला लागल्या की घरमालकीण म्हातारी ओट्यावर येऊन बसायची. तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं, जिथं आता टॉवर आहेत.

"आमचे म्हाताऱ्यानी जलमभर मीठ पिकवला," ती म्हणायची, "आन तू मीठ इकत आनतंस? येरी हायेस का गो?"

येरी म्हणजे वेडी. मी हो म्हणायची.

पाणी झालं की टाकीत दगड ठेवायचे. हे दगड म्हणजे खरं तर मेलेल्या पोवळ्यांचे सांगाडे. आतून सच्छिद्र, स्पंजासारखे. समुद्रात राहिलेले असले की त्यांच्या भोकाभोकांत इतकं काही वस्तीला असतं की आम्ही त्यांना जिवंत दगडच म्हणतो. त्यातले जंतू माशांची घाण पचवतात. वर हिरवं-तपकिरी शेवाळ धरतं. शेवाळात टाचणीच्या टोकाएवढे किडे होतात, त्यांची पिलं होतात, पिलांची पिलं होतात. याला महिने लागतात. याला आम्ही टाकी मुरणं म्हणतो. लोणचं मुरायला वेळ लागतो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला मान्य असतं. टाकी मात्र त्याला शनिवारी बसवून रविवारच्या पाहुण्यांना दाखवायची असते.

माझी गिऱ्हाइकं बहुतेक भली माणसं होती. माशांचे हाल केले ते त्यांनी मायेनंच. वाशीला एक शुद्ध शाकाहारी कुटुंब होतं. माशांसाठी गोठवलेली कोळंबी फ्रीजमध्ये ठेवायची, या एका गोष्टीवर त्यांच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी माशांना वेगळा छोटा फ्रीज घेतला, तोही गॅलरीत. एवढं झाल्यावर श्रावण आला. श्रावणात घरात कुणीच खात नाही म्हटल्यावर माशांनीही का खावं? आषाढीच्या एकादशीला तर त्यांना भिजवलेला साबुदाणा टाकलेला होताच. जोकर मासे, ते भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, समजूतदार असतात, मिळेल ते खातात. त्यांनी साबुदाणाही खाल्ला. टाकीतलं पाणी मात्र पेजेसारखं झालं. मला बोलावलं तेव्हा त्या घरची बाई अभिमानानं म्हणाली, "बघा, आमच्याकडे राहून त्यांनाही वळण लागलं."

पण सांगायची आहे ती गोष्ट दुसऱ्या माशाची. तो जोकरासारखा समजूतदार नव्हता.

करंजाड्याला प्रशांत साळवी म्हणून एकानं नवा फ्लॅट घेतला. चौदावा मजला. टॉवर इतका नवा की लिफ्टमधलं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. खाली रस्ता अर्धा, दुकानं बंद, झाडं काठीएवढी. प्रशांत सॉफ्टवेअरमध्ये, बायको नम्रता बँकेत. वास्तूवाल्यानं ईशान्येला पाणी सांगितलं होतं, म्हणून टाकी. आणि सिंगापूरला एका ठिकाणी पाहिला होता, म्हणून तोच मासा हवा होता. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. मी कपाळाला हात लावला, अर्थात मनातल्या मनात.

तो मँडरिन होता. बोटाएवढा मासा. फिलिपाईन्स, इंडोनेशियापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळ बेटांतला. तिथंही मोठ्या लाटांत तो राहत नाही. शांत उथळ पाणी, पोवळ्याच्या तुकड्यांचा खच, त्या फटींत याचं घर. अंगावर गडद निळ्यावर नारिंगी आणि हिरव्या वळ्यावळ्यांची नक्षी, जणू कुणी हात न उचलता रांगोळी काढलीय. निळे दिसणारे बहुतेक प्राणी हे उजेडाचे खेळ असतात, अंगात निळा रंग नसतोच. याच्या कातडीत मात्र खरा निळा रंग असतो. खवले नाहीत, त्याऐवजी अंगभर जाड, कडू, वासमारा चिकटा. मोठा मासा एकदा तोंडात घेतो आणि थुंकतो. पोहतो कमी, पोटाखालच्या परांवर टुणूक टुणूक चालतो जास्त. एवढं देखणं असून स्वभावानं बुजरा.

आणि जेवणाच्या बाबतीत हट्टी. त्याला फक्त ते दगडावरचे टाचणीच्या टोकाएवढे जिवंत किडे लागतात. पोट एवढंसं, त्यामुळे सकाळपासून अंधार पडेपर्यंत एक एक टिपत राहावं लागतं. तुम्ही त्याच्या नाकासमोर जगातलं सगळ्यात महागडं खाद्य टाका, तो त्याच्याकडे खडा पडावा तसं बघतो. जगभरात हे मासे लोकांनी हौसेनं नेले आणि भरल्या घरात उपाशी मारले. माझ्या हातून तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलेलं होतं.

"टाकी मुरल्याशिवाय मिळणार नाही," मी प्रशांतला सांगितलं. "पावसाळ्यानंतर बोलू."

त्यानं दर पंधरवड्याला फोन केला. "मॅडम, मुरली का?" जसं काही ती मीच आतून मुरवत होते.

त्या घरात तिसरं माणूस होतं, प्रशांतची आई. मी त्यांना काकी म्हणायची. संगमेश्वराकडच्या एका वाडीतल्या. काका गेल्यावर प्रशांतनं गावचं घर कुलूपबंद करून त्यांना इकडे आणलं. मुलगा चांगलाच होता. आईला स्वतंत्र खोली, पाठीला मानवेल अशी गादी, मोठा टीव्ही, डॉक्टरांनी आखून दिलेलं जेवण. गावाहून त्यांनी बांधून घेतलेली विळी, पाटा, आमसुलांचा डबा, सुकटाची बरणी, सगळं त्यानं प्रेमानं तिथंच ठेवायला लावलं. "आई, तिकडं सगळं मिळतं." आणि खरंच सगळं मिळत होतं.

फक्त काकी जेवत नव्हत्या. मी टाकीचं पाणी तपासायला जायची तेव्हा नम्रता हळूच सांगायची, "मॅडम, दोन घास खातात आणि बस म्हणतात. मी कुठं कमी पडते तेच कळत नाही." ती बिचारी रडकुंडीला आलेली असायची. सकाळी तिला बँक गाठायची असे. काकींचा हात जरा थांबला की ताट उचललं जायचं, कारण डिशवॉशर लावून निघायचं असायचं. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काकी नव्या टॉवरच्या गॅलरीत बसून खालचा अर्धा रस्ता बघायच्या. त्यांच्या मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत सरकायची.

पावसाळा सरला, दगड छान हिरवे झाले, आधी सोडलेले जोकर मासे टाकीत रमले. रात्रीच्या उजेडात काचेवर ठिपके पळताना दिसू लागले तेव्हा मी मँडरिन आणला. सोडल्याबरोबर तो एका दगडाखाली गेला, मग डोकं बाहेर काढलं, इकडे तिकडे पाहिलं आणि दगडावर टिपायला लागला.

काकी उठून आल्या. टाकीला नाक लावून उभ्या राहिल्या.

"ह्याला रांगोळीनंच जन्माला घातलान काय गो?" त्या म्हणाल्या. आणि मग, "काय खातो हा?"

"दगडावरचे बारीक किडे."

"मला तं काय दिसत नाय."

"त्याला दिसतात."

"हां," काकी म्हणाल्या. "ज्याचं त्याला दिसतं."

पुढच्या खेपेला गेले तर टाकीसमोर एक स्टूल आणि त्यावर काकी, मांडीवर ताट. मासा टिपत होता, काकी घास घेत होत्या. मासा थांबत नव्हता, म्हणून काकीही थांबत नव्हत्या. नम्रता स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणेनं दाखवत होती, अख्खी भाकरी! तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या टाक्या मी बसवल्या, पण टाकीचा एवढा उपयोग झालेला मी पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं, आणि थोडी मिजासही आली.

काकी दिवसभर एकट्याच असायच्या, त्यामुळे त्यांच्याइतका तो मासा कुणीच पाहिला नाही. एकदा त्यांनी विचारलं, "तिन्हीसांजा झाल्या की हा दगडावरून वर येतो, नि फिरून खाली जातो. कुणाला बघतो गो?"

मी सांगितलं की समुद्रात याच वेळी यांची जोडी जमते. नर आणि मादी गालाला गाल लावून वर वर येतात, अंडी पाण्यात सोडतात आणि झटकन खाली पळतात. हा नर आहे, एकटा आहे, पण वेळ त्याच्या लक्षात आहे. काकी "दिवा लावते," म्हणून उठल्या.

मग दिवाळी आली. दिवाळीच्या आधी आमच्या धंद्यात धांदल असते, सगळ्यांना काचा चकचकीत हव्या असतात. साळव्यांची टाकी नीट चाललेली, म्हणून मी तिकडे दोन-तीन आठवडे फिरकले नाही. भाऊबीज झाली, मी जरा पाठ टेकली, आणि नम्रताचा मेसेज आला. फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, आईंनी दिवाळीची सफाई केली. बघा टाकी कशी चमकतेय!' पुढे टाळ्यांचे हात.

फोटोत दगड पांढरेशुभ्र होते.

मी आहे त्या साडीवर करंजाडं गाठलं. काकी दारातच उभ्या, चेहरा उजळलेला.

"ये गो बाय, बघ. काय बुरसं चढलं होतं मेलं! ही दोघं हापिसात गेली नि मी सगळे दगड काढले. काथ्यानं घासले, चिंच लावली, वरनं कढत पाणी ओतलं नि गॅलरीत उन्हात वाळवले. सणाला माणसांनी आपलं घर झाडायचं नि ह्याचं तसंच ठेवायचं काय?"

मी टाकीकडे पाहिलं. दगड पुन्हा लावतानाही त्यांनी हौस केली होती, किल्ल्यासारखा डोंगर रचला होता. पंपाच्या गाळणीतले जंतू वाचले होते, त्यामुळे जोकर मासे मजेत होते. त्यांना नम्रता डबीतलं खाद्य टाकत होती. मँडरिन मात्र त्या पांढऱ्या डोंगरावर फिरत होता. एका दगडाला तोंड लावायचा, थांबायचा, दुसऱ्याकडे जायचा. सवयीनं टिपत होता, तोंडात काही येत नव्हतं. पोट आत गेलेलं, डोक्यामागं पाठीला खळगा पडलेला. पाठ खचली की या माशाच्या हातात थोडेच दिवस उरतात.

मी काकींना काही बोलले नाही. काकींनी टाकीसमोर ताट आणून ठेवलं होतं.

प्रशांत घरीच होता. त्याला लिफ्टपाशी नेऊन सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"आईला सांगू नका मॅडम. ती मनाला लावून घेईल. आत्ता कुठं जेवायला लागलीय. आपण गुपचूप दुसरा आणू. सेम टू सेम."

"दुसराही उपाशीच मरेल. मासा संपलेला नाही, टाकीतलं त्याचं खाणं संपलंय."

"मग खाणं ऑनलाइन मागवू. काय लागतं नेमकं?"

"मुरलेली टाकी."

"ती किती दिवसांत येते?" त्यानं विचारलं. मोबाईल हातात तयार होता.

मला त्याच्यावर रागावायचं होतं, पण तो सारखा मागे वळून आईच्या दाराकडे बघत होता. त्याला माशाचं पडलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

आता अशी टाकी हवी होती, जिच्यावर वर्षानुवर्षं कुणी हात फिरवलेला नाही. आणि तशी एक मला चांगलीच माहीत होती. माझ्या कारकिर्दीतली ती सगळ्यात लाजिरवाणी टाकी. नेरूळच्या पेंडसे डॉक्टरांच्या दवाखान्यातली.

पेंडसे डॉक्टर दातांचे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मी फार पूर्वी टाकी बसवली होती. मासे एकेक करून म्हातारे होऊन गेले, नवे डॉक्टरांनी घेतले नाहीत आणि साफ करायलाही देईनात. पंप तेवढा चालू. काच हिरवी, दगडांवर शेवाळाच्या जटा. पेशंट दात धरून तिच्यासमोर बसायचे. मी कुणालाही ती टाकी माझी असं सांगत नसे. दर भेटीत मी डॉक्टरांना म्हणायची, "लोकांचे दात दिवसातून दोनदा घासायला लावता, एकदा टाकीचंही स्केलिंग करू द्या." ते म्हणायचे, "राहू द्या हो. तिच्याकडे बघून पेशंटला माझी खुर्ची बरी वाटते."

मी दगड मागायला गेले तेव्हा ते एकाची दाढ कोरत होते. "माझी घाण हवीय?" त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला. "कुणाला?"

"करंजाड्याला एका माशाला. आणि एका म्हातारबाईंना."

"न्या. सगळे दगड न्या," ते म्हणाले. खुर्चीतल्या पेशंटनंही उघड्या तोंडानं संमती दिल्यासारखा आवाज काढला.

मी टॉर्च लावून त्या टाकीत पाहिलं. अहो, किडे लाखांनी होते! काचेवर, शेवाळात, दगडांच्या भोकांत, नुसतं वळवळणारं, पळणारं पीक. इतकी वर्षं मी या टाकीकडे पाठ करून बसायची. माझ्या हातानं लख्ख ठेवलेल्या एकाही टाकीत इतका जीव नव्हता, हे तेव्हा मला कळलं आणि थोडं लागलंही. सफाईचेच तर पैसे मी घेत आले होते.

रविवारी सकाळी दोन मोठ्या बादल्यांत दगड, वर त्यांचंच पाणी, असं रिक्षातून करंजाड्याला आणलं. गेटवर वॉचमननं बादलीत डोकावून नाक मुरडलं. मी रकान्यात 'डेकोरेशन' लिहिलं. एक बादली वर नेऊन बाथरूममध्ये ठेवली आणि दुसरीसाठी खाली गेले. लिफ्टला वेळ लागला.

परत आले तर बाथरूममध्ये नळाचा आवाज. काकी पाटावर बसलेल्या, पदर खोचलेला, एका हातात डॉक्टरांचा सगळ्यात मोठा दगड, दुसऱ्या हातात काथ्या. प्रशांतनं आईला सांगून ठेवलं होतं की टाकीचं पाणी बिघडलंय, मासा आजारी आहे, मॅडम नवे दगड आणतायत. पाणी बिघडलं म्हटल्यावर काकी काय करणार?

"काय गो हे, किती घाण! आजाऱ्याला असलं घालतात काय?" आणि त्यांनी काथ्या दगडाला लावला.

"काकी, हात थांबवा!" मी ओरडले. गिऱ्हाइकाच्या घरी मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. प्रशांत धावत आला आणि दारातून मला डोळ्यांनी नको नको करायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आज नाही सांगितलं तर उद्या मी नसताना पुन्हा काथ्या निघणार होता.

मी काकींच्या हातातून दगड घेतला. एका पांढऱ्या वाडग्यात बादलीतलं पाणी ओतलं, त्यात दगड झटकला आणि वाडगा खिडकीच्या उजेडात धरला.

"बघा."

काकींनी डोळे बारीक केले. "काय नाय. कचरा हाय." मग मान पुढे केली. "हलतोय गो."

"हे त्याचं अन्न. हेच खातो तो, दुसरं काही खात नाही. हे या बुरशीत राहतं, या घाणीतच वाढतं. दगड घासले की हे जातं."

काकींनी एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या काथ्याकडे.

"म्हंजे मी त्याची कोठी धुतली," त्या म्हणाल्या.

"आई, तुला माहीत नव्हतं," प्रशांत म्हणाला. "तू चांगल्यासाठीच केलंस."

"तं मी कुठं नाय म्हणते? चांगल्यासाठीच केलं." त्यांनी काथ्या बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघून, अजिबात राग नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "हा पण चांगल्यासाठीच करतो गो. काय करायचं?"

प्रशांतचा फोन वाजला नव्हता, तरी त्यानं तो खिशातून काढून पाहिला. मी बादली उचलली. अशा वेळी हाताला काम असलेलं बरं असतं.

काकींच्या किल्ल्याचे पांढरे दगड मी अर्धे काढले आणि डॉक्टरांचे हिरवे आत मांडले. चमकणाऱ्या टाकीत ते फारच विद्रूप दिसत होते. मँडरिन कोपऱ्यात बसून होता. बऱ्याच वेळानं एका जटेपाशी आला. टिपलं. थांबला. पुन्हा टिपलं. काकी स्टुलावर बसून होत्या, त्यांचे ओठ प्रत्येक टिपण्याबरोबर हलत होते.

म्हणून लगेच सगळं छान झालं असं नाही. खचलेली पाठ सहज भरत नाही, आणि मी कुणालाही शब्द दिला नव्हता. नम्रता रोज मेसेज करायची. आधी माशाचं लिहायची, मग काकींचं. 'आज खातोय. आईंनी ताट तसंच परत नेलं.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी बाकीची गिऱ्हाइकं सोडून करंजाड्याला जायची, टॉर्चनं माशाची पाठ बघायची आणि तिरक्या नजरेनं काकींचं मनगट. दोन्हीची मला सारखीच भीती वाटत होती. डॉक्टरांकडून मी आणखी दोनदा घाण आणली. ते आता फोनवर विचारायला लागले होते, "आमचं पेशंट कसं आहे?"

मग एका सकाळी नम्रताचा मेसेज आला. माशाबद्दल काही नव्हतंच. लिहिलं होतं, 'प्रशांत गावाला गेलेत. आईंचं सामान आणायला. सगळं.'

सगळं म्हणजे खरोखर सगळं आलं. विळी आली, पाटा-वरवंटा आला, आमसुलं आली, आणि सुकटाची बरणीही आली. चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत सुकट उन्हाला पडलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की कुणाच्या तरी फ्लॅटमधून मच्छीचा वास येतोय. प्रशांतनं उत्तर दिलं, 'आमच्याकडे फिश टँक आहे.' हे काही खोटं नव्हतं. काकींनी त्या दिवशी सुकटाची चटणी वाटली आणि मासा काय करतो इकडे न बघताच दीड भाकरी खाल्ली. नम्रतानं मला रिकाम्या ताटाचा फोटो पाठवला. इतका सुंदर फोटो मला कुणा गिऱ्हाइकानं कधी पाठवला नव्हता.

माशाची पाठही हळूहळू भरली.

मी धंदा थांबवला त्याला आता बरेच महिने झाले. यंदा दिवाळीच्या फराळाला साळव्यांनी बोलावलं. लिफ्टमधलं प्लास्टिक निघालंय, खालचा रस्ता पुरा झालाय, काठ्यांची झाडं होऊ घातलीयत. सवयीनं मी पिशवीत काच खरवडायची पट्टी घेऊन गेले होते. टाकी बघितली आणि हात आपोआप पिशवीकडे गेला. मागची काच पूर्ण हिरवी. दगडांवर शेवाळ लोंबतंय. आणि त्यात तो रांगोळीचा मासा, गुबगुबीत, टिपतोय.

नम्रताच्या बँकेतल्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी चकली घेतली, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नम्रता, टँक केवढा घाण झालाय गं. दिवाळीला तरी साफ करायचास."

नम्रता लाजली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, पण काकी आधी बोलल्या. त्या स्टुलावर होत्या, मांडीवर ताट, ताटात फोडणीचे पोहे आणि उरलेला अर्धा लाडू.

"ताट हाय ते त्याचं," काकी म्हणाल्या. "तो जेवतोय. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट कोण घासायला नेतो काय?"

बँकेतल्या मॅडम हसल्या, आणि काकी हसत नाहीत हे बघून थांबल्या. प्रशांत रिकाम्या बश्या गोळा करत होता. एकेक करत तो काकींपाशी आला. काकींचा हात थांबलेला होता, त्या माशाकडे बघत होत्या. प्रशांतनं सवयीनं ताटाच्या कडेला हात लावला.

मग त्यानं हात काढून घेतला आणि बश्या तशाच बाजूला ठेवून आईच्या शेजारी खाली बसला. माझी पट्टी मी पिशवीतच राहू दिली. बऱ्याच वेळानं काकींनी पुढचा घास घेतला.